पेटीतली ओल

लास वेगस, १४ नोव्हेंबर

प्रिय केआवे,

खोका पोचला. टपालवाल्याने तो दारात उलटा टेकवून ठेवला होता, ‘नाजूक’ लिहिलेली बाजू जमिनीला. मी म्हटलं, "अहो, वाचता येतं ना?" तर म्हणतो, "आजी, मला वाटलं रिकामाच आहे, इतका हलका." मग मी त्याला पुढे काही बोलले नाही. हलका म्हणाला, म्हणजे नकळत तुझ्या हाताची स्तुतीच केली त्याने.

आत चिठ्ठी नव्हती. वर्तमानपत्राचा एकेक बोळा उलगडून पाहिला, म्हटलं कुठे दोन ओळी खरडल्या असतील. आपल्या हिलो गावच्या पावसाची बातमी होती, आपल्या चर्चच्या जेवणावळीची जाहिरात होती, तुझं अक्षर नव्हतं. कागद इस्त्री करून ठेवलेत, खणात अंथरायला होतील.

विमानतळावर सगळ्यांच्या देखत तू थोरल्या बहिणीला म्हणाला होतास, "तिता, जा, वाळवंटात जाऊन वाळ." आणि मी म्हटलं होतं, "तू बस इथेच सडत." त्यानंतर आपल्या दोघांत आलेली ही पहिली वस्तू. फोन केला की माझा आवाज ऐकून तू तो लोकेच्या हातात देतोस. तुझी लोके गुणाची पोर आहे, पण भाचीशी गप्पा मारायला मी फोन करत नाही. म्हणून लिहिते. पत्र दुसऱ्याच्या हातात देण्याआधी निदान पाकीट तरी उघडावं लागतं.

आपली नात नोहेआ नुसती नाचते आहे. तू घडवलेल्या चार तारांच्या उकुलेलेच्या गोल भोकाला डोळा लावून तिने आतलं पेन्सिलीचं अक्षर वाचलं, ‘नोहेआसाठी, केआवेकडून.’ मला विचारते, "टूटू, त्यांनी मला कधी पाहिलं नाही, मग नाव कसं माहीत?" म्हटलं, "माझा भाऊ आहे तो. त्याला सगळं माहीत असतं. फक्त पत्र लिहिता येत नाही." इथली पोरं ‘युकुलेले’ म्हणतात, आपली नात पण तसंच म्हणते. दर वेळी सुधारते. तू ऐकलंस तर वाद्य परत मागशील.

काळजी करू नकोस, बाबा शिकवायचे तसंच जपते आहे. त्यांचं बोलणं आठवतं ना, "पेटीत गेलं ते मेलं." पेटी पलंगाखाली सारली आणि उकुलेले बैठकीच्या भिंतीवर टांगलं, येशूच्या तसबिरीखाली. बरोबर वर हीटरची जाळी आहे, तिथून दिवसभर कोरडा वारा येतो. बुरशीची चिंताच नाही.

खोक्यात उकुलेलेच्या मानेखाली आधाराला तू कोआ लाकडाचा ठोकळा लावला होतास. असा गुळगुळीत रंधलेला की टाकवेना. आमचा फ्रिज थरथरून ओट्यावर आपटतो, त्या फटीत ठोकून बसवला. इतका घट्ट बसला की फ्रिज गप्प झाला. देव तुझं भलं करो.

तुझी बहीण,
हौलानी

१० डिसेंबर

प्रिय केआवे,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे.

आधी चांगलं सांगते. नोहेआला तीन गाणी येतात. संध्याकाळी मी हिशेबाची वही घेऊन बसते तेव्हा ती शेजारी बसून वाजवते, आणि माझी बेरीज चुकते. केहाउ हॉटेलातून दमून येते, बूटसुद्धा न काढता पोरीचं ऐकत बसते. माझ्या लेकीच्या चेहऱ्यावर हसू बघून फार दिवस झाले होते.

आता रागावू नकोस. मानेवरच्या पट्टीवर सुरांचे जे पितळेचे आडवे पडदे बसवलेस ना, त्यांची टोकं कडेबाहेर आली आहेत. पोरीचा हात मानेवरून सरकला की ओरखडे उठतात. ती म्हणते, "टूटू, हे चावतं." मी बोट फिरवून पाहिलं, खरंच. घासायचे राहिले का? बाबांच्या हातून असं गेलं असतं तर त्यांनी ते गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन परत आणलं असतं. घाई केलीस की डोळे दगा देतात आता? चष्मा बदल. माझं ऐकायचं नसेल तर लोकेचं ऐक.

नाताळची केकची वडी सोबत पाठवते. सुकामेवा कमी आहे, इथे महाग आहे.

हौलानी

८ जानेवारी

प्रिय केआवे,

तुझं कार्ड आलं. ‘हौलानी, बरोबर बोललीस. डोळे गेले, हातही गेले. दुकान बंद केलं. केआवे.’

थोरल्या बहिणीला नावाने हाक मारायला कधीपासून शिकलास? बोलायला लागल्यापासून मी तुझी तिता. मार खाताना तिता, उसने मागताना तिता, विमानतळावर शिव्या देतानासुद्धा तिताच. त्या कार्डावर तेवढा एक शब्द असता तर बाकीचं मी सोसलं असतं.

लोकेला फोन केला. म्हणाली, "आत्या, पप्पांनी बाकावर चादर टाकलीय. करवती तेल लावून खुंटीला अडकवल्या. दिवसभर ओसरीत बसून पावसाकडे बघतात." आणि म्हणाली की बाबांनी ठेवलेल्या कोआच्या फळ्या बघायला कुणी माणूस येऊन गेला, ईस्टर झाला की ट्रक घेऊन येणार आहे. केआवे, त्या फळ्या विकायच्या नाहीत. त्या ज्या झाडाच्या, त्याच्याखाली आपण दोघं पाऊस थांबायची वाट बघत बसायचो.

हे बघ, मी चुकीचं लिहिलं. आता काही बोचत नाही. बहुतेक पोरीच्याच बोटांना सवय नव्हती. तिच्या बोटाला पट्टी आहे, ती अननस कापताना लागलं म्हणून. उकुलेले उत्तम आहे, आवाज गोड आहे. चर्चच्या मंडळीत सगळे विचारतात कुणी केलं म्हणून. तेव्हा चादर काढ आणि कामाला लाग.

आणखी एक. आमच्या मंडळीतल्या आपिकेलाकडे पण एक उकुलेले आहे. त्याच्या वरच्या फळीला, तारा टेकतात त्या घोडीपासून खाली केसाएवढी चीर पडली आहे, लाकडाच्या रेषेबरोबर. ती बिचारी फार घाबरली आहे. रात्री झोप लागत नाही तिला. ती चीर वाढते का, काय करावं, ते कळव. तिला घाई नाही, पण लवकर कळव.

रोज तुझ्यासाठी प्रार्थना करते.

हौलानी

३ मार्च

प्रिय केआवे,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस. बस.

इथे वसाहतीचा नियम आहे, कपडे बाहेर वाळत घालायचे नाहीत, म्हणे शोभा जाते. कपडे वाळवण्याचं यंत्र वीज खातं, म्हणून मी नोहेआच्या खोलीत दोरी बांधून तिथेच धुणं टाकते. केहाउ ओरडते, "मम्मा, पोरीच्या खोलीत साबणाचा वास येतो." मी म्हणते, "घामाचा येण्यापेक्षा बरा." तर मध्ये नोहेआला ताप होता. मागच्या महिन्यात आठवडाभर ती अंथरुणातच होती आणि उकुलेले उशाशी घेऊनच झोपायची. भिंतीवर टांगायला देत नव्हती. एक दिवस म्हणाली, "टूटू, आज चावत नाही."

मी गालाने पाहिलं. बोटांची कातडी माझी राठ झाली आहे, गालाला कळतं. पट्टीची कड दोन्ही बाजूंनी सारखी, जणू आत्ताच तुझ्या हातातून निघाली आहे. मी गुडघे टेकून प्रभूचे आभार मानले. पोरीचा ताप उतरला, उकुलेले परत भिंतीवर गेलं, आणि आठवडा व्हायच्या आत टोकं परत बाहेर. आता प्रभू काही इतक्या लवकर दिलेलं काढून घेत नाही. म्हणजे कारण दुसरं.

ते कळलं फ्रिजमुळे. तो परत थरथरायला लागला. वाकून बघते तर तुझा ठोकळा खाली पडलेला. उचलून बसवला, परत पडला. जो ठोकून बसवावा लागला होता तो आता बोटाने सरकतो. मी तो हातात घेऊन तिथेच खाली बसले. मग घरभर फिरले. आईच्या कपाटाचा खण, जो हिलोत दोघांनी ओढला तरी निघायचा नाही, तो इथे एका बोटाने बाहेर येतो. मला वाटायचं मी त्याला साबण लावते म्हणून. काठवटीला तडा गेलाय, मला वाटायचं केहाउने आपटली. केहाउच्या टाचा फुटल्यात, माझे ओठ फुटलेत, बायबलचे पुठ्ठे वाकून वर आले आहेत. अरे, घरातलं सगळं आकसलं आहे, माझ्या तोंडासकट. आणि पितळ कशाला आकसेल? पट्टीचं लाकूड वाळून आत गेलं, पडदे होते तिथेच राहिले, म्हणून टोकं बाहेर आली. आणि पोरीच्या खोलीत ओल्या धुण्याची ओल पिऊन तेच लाकूड परत भरलं.

तू घासली होतीस. नीटच घासली होतीस. तुझा हात बरोबर होता, डोळे बरोबर होते. चूक माझी, आणि थोडी बाबांची. त्यांनी जन्मात हिलो सोडलं नाही. तिथे चपला ओसरीत विसरल्या तर दुसऱ्या दिवशी हिरव्या व्हायच्या, तिथे वाद्याला वारा पाहिजेच. ते काय सांगणार वाळवंटाचं? मी त्यांचं वाक्य उचललं आणि तुझं उकुलेले नेऊन हीटरच्या तोंडाशी टांगलं. वर येशूची तसबीर लावली म्हणून लाकूड वाळायचं थांबत नाही.

आता पेटी पलंगाखालून काढली आहे. पहिल्यांदा झाकण लावताना बाबांना ‘माफ करा’ म्हटलं. दुकानात ओलाव्याची तयार डबी मिळते, किंमत बघून मी परत ठेवली. घरी साबणाच्या डबीला खिळा तापवून भोकं पाडली, आत भांड्यांचा नवा स्पंज कापून घातला. भिजवायचा, मग घट्ट पिळायचा, इतका की दाबला तरी थेंब निघू नये. डबी मानेच्या बाजूला ठेवायची, लाकडाला टेकवायची नाही. नळाचं पाणी नको, इथल्या पाण्याने किटलीत चुना धरतो. वाजवून झालं की लगेच पेटीत, झाकण बंद, कडी लावलेली. नोहेआ म्हणते, "टूटू, त्याला आत भीती नाही वाटत?" म्हटलं, "नाही गं, आत हिलो आहे."

आणि आपिकेलाकडे उकुलेले नाही. तिला टाळीसुद्धा तालात वाजवता येत नाही. चीर तुझ्याच उकुलेलेला आहे. जानेवारीत ‘बोचत नाही’ म्हणाले ते तू कामाला लागावंस म्हणून. पोरीच्या बोटाची पट्टीही अननसाची नव्हती.

तुझा ठोकळा परत पाठवते आहे. तुझी सवय मला माहीत आहे, एका फळीतून, एकाच खुणेवर कापून ठोकळ्यांचा ढीग करून ठेवतोस. याचा जोडीदार तुझ्या बाकावर असेल, त्या चादरीखाली. हा वाटेत ओल पिऊन फुगू नये म्हणून प्लास्टिकमध्ये गुंडाळून वर मेणबत्तीचं मेण ओतलं आहे. उघडलास की लगेच जोडीदाराशेजारी ठेवून रुंदी मोज. मग बाकावर तसाच राहू दे, आणि रविवारनंतर परत मोज.

हौलानी

६ एप्रिल

केआवे,

लोके म्हणते पत्र तू वाचलंस, पण ठोकळ्याचं पुडकं आल्यापासून तसंच पडून आहे. तू म्हणालास म्हणे, "ती माझी समजूत काढतेय. जानेवारीत लिहिते बोचत नाही, मार्चमध्ये लिहिते लाकूड आकसलं. उद्या लिहील देवदूत येऊन घासून गेला."

हे मात्र तू बरोबर बोललास. मी खोटं लिहिलं आणि आता खरं लिहिते तर कोण ऐकणार. लहानपणी तुला औषध देताना मी ‘गोड आहे’ म्हणायचे, ते तू अजून विसरला नाहीस.

मग माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. लाकडावर ठेव. ते काही तुझी समजूत काढायला शिकलेलं नाही.

ईस्टर जवळ आला. त्या ट्रकवाल्याला फळ्या उचलू देण्याआधी एकदा मेण खरवड. तेवढंच मागते. तुझे हात खरंच गेले असतील तर ठोकळा तुला सांगेल, आणि मी परत एक अक्षर बोलणार नाही. पण न मोजता दिलेस, तर बाबांच्या फळ्या तू माझ्या एका मूर्ख वाक्यावर विकल्यास असं होईल. ते ओझं घेऊन मला मरायचं नाही.

नोहेआ रोज विचारते, आजोबा पत्र का लिहीत नाहीत. मी सांगते, चष्मा शोधताहेत.

हौलानी

१७ जुलै

प्रिय केआवे,

तुझं पत्र मी आधी एकटीने वाचलं, मग केहाउला वाचून दाखवलं, मग नोहेआला, आणि रविवारी उपासनेनंतर आपिकेलालासुद्धा, कारण तिचं नाव त्यात आहे. तुझं वाक्य वाचून ती एवढी हसली की पाळकांनी वळून पाहिलं. ‘त्या बाईला माझ्याकडून एक उकुलेले दे, म्हणजे पुढच्या वेळी तुझं खोटं निदान अर्धं खरं असेल.’ ती आता खरंच वाट बघते आहे. सांभाळून बोलत जा.

पण मी सगळ्यात आधी काय वाचलं सांगू? पहिला शब्द. ‘तिता’. पुढचं वाचायला डोळे पुसावे लागले. मग पुढचं होतं, ‘ठोकळा जोडीदारापेक्षा कमी भरला. रविवारनंतर बरोबर झाला. तू मूर्ख आहेस.’ एवढं गोड पत्र मला कुणी लिहिलेलं नाही.

ट्रकवाला रिकामा गेला, लोकेने सांगितलं. शिव्या देत गेला, तेही सांगितलं. आणि सकाळी शेजारची म्हातारी कुंपणावरून ओरडली म्हणे, "केआवे, परत घरघर सुरू केलीस का? आता कुठे झोप लागायला लागली होती." त्या म्हातारीला माझा नमस्कार सांग.

उकुलेले बरं आहे. पट्टीची कड रोज गालाने बघते, गुळगुळीत. चीर वाढली नाही, मिटलीही नाही, तुझी वाट बघते आहे. तू लिहिलंस तसं ते टपालाने पाठवत नाही, ‘तुझा टपालवाला उलटं ठेवतो’ हे खरंच. तूच ये डिंक आणि शिकंजा घेऊन.

आता येण्याबद्दल. केहाउने घरभर एसी लावून घेतला आहे, तो हवेतलं उरलंसुरलं पाणीही काढून घेतो. त्याच्या नळीखाली मी डबा ठेवते. त्यात चुना नसतो, तेच पाणी गाळून स्पंजाला देते, म्हणजे घरातून घेतलेलं घरातच परत. केहाउ हसते. हसू दे. पण मागच्या खोलीत मी एसी लावू दिला नाही. तिथे माझा जुना पाण्याचा कूलर आहे, गवताच्या ताट्यांचा. सकाळी भरला की ओला वारा देतो, डोळे मिटले तर हिलोची ओसरी वाटते. ती खोली तुझी. तुझं अंथरूण मी तिथेच घातलं आहे आणि उकुलेलेची पेटी तुझ्या उशाशी ठेवणार आहे. दोघांनाही बरं पडेल.

ओठांना लावायला काहीतरी आण, पहिल्याच दिवशी फुटतात. अळूच्या कंदाची आपली पोई आण, इथे मिळते ती आंबट नसते. बाकी काही आणू नकोस.

आणि मी वाळले की नाही ते तूच डोळ्यांनी बघ. चांगले आहेत तुझे डोळे.

तुझी
तिता